बदली झाली तरी टिकेल असा शाळेचा आराखडा

मे महिन्यात बदलीचा आदेश निघतो, जूनमध्ये तुम्ही नव्या शाळेत हजर होता आणि पहिल्याच आठवड्यात चित्र समोर येतं: पट घसरलाय, चौथीतली मुलं अक्षराला अक्षर लावत वाचतायत, दोन खोल्या गळतायत आणि मुख्याध्यापकाचा कार्यभारही तुमच्याच गळ्यात आलाय. किंवा तुम्ही शिक्षक नाही. परवाच्या पालकसभेत चार जणांनी तुमचं नाव घेतलं आणि तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष झालात. हा लेख या दोघांसाठी आहे.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आणि पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या एका गटाचा पर्यवेक्षक, म्हणून आधी पाटणच्या डोंगरात, मग माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यात काम केलं. चांगल्या उभ्या राहिलेल्या शाळा पाहिल्या, तशा गुरुजींची बदली झाल्यावर दोन वर्षांत पुन्हा खाली बसलेल्याही पाहिल्या. त्या दुसऱ्या शाळांचं जास्त वाईट वाटतं, कारण तिथं कुणीतरी जीव ओतलेला असतो. म्हणून खालच्या प्रत्येक पायरीत मी एकच गोष्ट विचारतो: उद्या तुम्ही इथं नसाल तर हे चालू राहील का?

पहिले पंधरा दिवस: कपाट उघडा, रंगाचा डबा नको

नव्या माणसाला लगेच काहीतरी दिसेल असं करावंसं वाटतं. मग भिंती रंगतात, कमान उभी राहते. बोलक्या भिंती मलाही आवडतात, पण त्या तिसऱ्या वर्षाचं काम आहे. आधी दप्तर वाचा. जनरल रजिस्टर, मागच्या तीन वर्षांचे हजेरीपट, युडायस प्लसचा (शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचा) भरलेला फॉर्म, समितीचं इतिवृत्त आणि आवक-जावक.

हजेरीपट महिनावार पाहिला की शाळेचं दुखणं कुठं आहे ते बोलायला लागतं. माणमध्ये दिवाळीनंतर काही नावांपुढे सलग गैरहजेरी दिसते, ती मेंढ्यांबरोबर वाड्यावर गेलेली मुलं. कराड-कोरेगावच्या बागायती पट्ट्यात उलटं, तिथं गाळप सुरू झालं की ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात आणि गावात मुलं वाढतात, पण हजेरीपटावर ती नसतात. खटाव-माणमधली गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, व्यवसायातली कुटुंबं मुलांचे दाखले घेऊन थेट परराज्यात जातात. पाटण-जावळीत जुलैच्या पावसात ओढा भरला की वरच्या वाडीची पोरं आठ-आठ दिवस येत नाहीत. ‘पट कमी, उपस्थिती कमी’ हे शेरे सगळीकडे सारखेच असतात, पण चौघांची औषधं वेगळी आहेत. स्थलांतराच्या मुलांना जाताना शिक्षण हमी पत्रक, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं शिक्षणाचं कार्ड, द्यायचं आणि परत आल्यावर कुठपर्यंत शिकलं ते बघायचं. कोप्यांवरच्या मुलांना दाखल्यासाठी अडवायचं नाही. शिक्षण हक्क कायद्यानं कागदाअभावी प्रवेश नाकारता येत नाही.

आवक-जावकही चाळा. खोली धोकादायक असल्याचं पत्र चार वर्षांपूर्वी गेलेलं असतं आणि त्याचा पाठपुरावा कुणी केलेला नसतो, असं मला अनेक ठिकाणी सापडलं.

प्रत्येक मुलाला समोर बसवून वाचायला लावा

संपूर्ण आराखड्याचा पाया ही पायरी आहे. ती गाळून पुढे जाऊ नका. संकलित मूल्यमापनाचे गुण कपाटात असतातच, पण त्यावरून कुठल्या मुलाला कुठं अडतं ते कळत नाही. श्रेणी ब मिळालेलं मूल ‘पाऊस’ हा शब्द ‘पास’ असा वाचतंय, हे समोर बसल्याशिवाय कसं समजणार?

साधन साधं ठेवा. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीत 2005 पासून वापरात असलेली उतरंड सोपी आहे: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका कागदावर हे चारही लिहून काढा. परिच्छेद पाठ्यपुस्तकातला घेऊ नका, तो मुलांना पाठ असतो. स्वतः लिहा. मी वापरलेला एक देतो: ‘दारात चिंच आहे. चिंचेखाली शेळी बांधली आहे. शेळीला दोन करडं झाली. मी रोज पाला घालतो.’ यात एकही जोडाक्षर नाही, ते मुद्दाम. जोडाक्षरं गोष्टीत आणा. वाचून झाल्यावर ‘करडं किती झाली?’ एवढं विचारा. घडाघडा वाचून अर्थ न कळलेली मुलं तिथं सापडतात.

एका मुलाला पाच मिनिटं धरली तर 60 मुलांना पाच तास लागतात. दोन शिक्षकांनी रोज एकेक तास काढला तर तीन दिवसांत शाळा होते. चाचणी वर्गात, सगळ्यांदेखत घेऊ नका. व्हरांड्यात, झाडाखाली, एकेकट्याला बसवा आणि चुकलं तरी चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. पोरं आपला चेहरा वाचतात, ते मात्र सगळ्यांना येतं.

गणितातही असंच: अंक ओळख, दोन अंकी संख्या वाचणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. मराठीत एक अडचण जास्तीची आहे. ‘एकोणसाठ’ ऐकलं की मूल साठ धरतं आणि 69 लिहितं. हे गणित कच्चं असण्याचं लक्षण नाही. संख्यानाम आणि चिन्ह यांची जोडणी कच्ची आहे. नोंद वेगळी करा, कारण त्यावरचा सरावही वेगळा आहे.

शेवटी एक तक्ता हाती येतो: डावीकडे मुलांची नावं, वर पातळ्या, आणि ज्या चौकटीत मूल आहे तिथं तारीख. फुली मारू नका, तारीख लिहा. पुढच्या वेळी मूल कुठून कुठं आणि किती दिवसांत सरकलं ते त्याच कागदावर दिसतं. तुलनेला निपुण भारतची (पायाभूत वाचन-गणितासाठीच्या केंद्राच्या अभियानाची) अपेक्षा लक्षात असू द्या: तिसरी संपताना मुलानं मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत आणि 9999 पर्यंतच्या संख्या वाचाव्या-लिहाव्यात. हा तक्ता पहिल्यांदा बघताना धक्का बसतो. मला बसला होता. माझ्याच वर्गातली, मी दोन वर्षं शिकवलेली सहा मुलं शब्दाच्या चौकटीत होती.

घरोघरी जाऊन विचारा, पण अंदाज घरी ठेवून जा

अंगणवाडी सेविकेकडून 3 ते 6 वयाच्या मुलांची यादी घ्या, गावातल्या 6 ते 14 च्या मुलांची स्वतः करा. कोण आपल्याकडे, कोण पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेत, कोण मामाच्या गावाला, कोण कुठंच नाही. मग ज्यांनी आपल्या शाळेतून मूल काढलं त्यांच्याच दारात आधी जा. तक्रार करायला नाही, ऐकायला.

खटाव तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही सगळे धरून चाललो होतो की इंग्रजीच्या ओढीनं पट गेला. फेरीत एक काकी म्हणाल्या, ‘‘इंग्रजीचं काय घिऊन बसलाय गुरुजी, पोरगं चौथीला गेलं तरी दुकानाची पाटी वाचंना. आन पोरींच्या संडासात पाणी न्हाई, पोरगी दिवसभर पाणीच पीत न्हाई.’’ पुढच्या तीन घरांत पाण्याचीच गोष्ट निघाली. आमच्या आराखड्याच्या मसुद्यात पहिल्या क्रमांकावर इंग्रजी संभाषण वर्ग होता. तो खाली गेला आणि पाण्याची टाकी वर आली.

घरात आईशी बोला. पुरुषमंडळी चावडीवर शाळेबद्दल मत देतात. मुलाचं दप्तर कोण भरतं, ते कधी रडतं, कुठल्या तासाला कंटाळतं, हे आईला माहीत असतं.

शिकवायला वेळ किती उरतो ते मोजा

कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन अपेक्षित आहे. एक आठवडा एक साधी वही ठेवा आणि प्रत्येक तासाला खरोखर काय झालं ते लिहा: तातडीची माहिती भरली, पोषण आहाराचा साठा मोजला, आधारसाठी पालकांना फोन केले, बैठकीला गेलो. द्विशिक्षकी शाळेत एक जण बैठकीला गेला की दुसऱ्याकडे चार-पाच वर्ग. आठवड्याची बेरीज केली की शिक्षकांना दोष देणारेही गप्प होतात, आणि ‘वेळच मिळत नाही’ म्हणणाऱ्यांनाही दिसतं की थोडा वेळ आपल्या हातात होता.

उपाय मोठा नाही. ऑनलाइन माहितीचा दिवसातला एकच तास, तोही शाळा सुटण्याच्या सुमारास, आणि एकाच माणसाकडे. वर्गात फोन हातात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अन्य अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, हे समितीच्या सदस्यांनाही समजावून सांगा. कधी कधी गावानंच शाळेच्या बाजूनं बोलणं उपयोगी पडतं.

तीनच ध्येयं, आणि ती आकड्यात

इथं बहुतेक आराखडे बिघडतात. 14 उद्दिष्टं, सगळी छान, एकही मोजता न येणारी. ‘गुणवत्ता वाढवणे’ हे लिहू नका. शिकण्याचं एक, उपस्थितीचं एक, सोयीचं एक, एवढं पहिल्या वर्षाला पुष्कळ झालं. लिहायचं कसं, त्याचा नमुना: ‘दुसरी ते पाचवीच्या 58 मुलांपैकी आज 21 मुलं परिच्छेद वाचतात. मार्चअखेर 45 वाचतील. जबाबदारी: सर्व शिक्षक. तपासणी: दर सहा आठवड्यांनी. तपासणार: केंद्रप्रमुख आणि समितीचे दोन पालक.’ कोण, किती, कधी आणि कोण बघणार, यातलं एक जरी गळलं तर ते वाक्य आराखड्यात घेऊ नका.

शिष्यवृत्ती परीक्षेबद्दल स्पष्ट बोलतो, कारण आपल्या भागात तिचा मान मोठा आहे. गुणवत्ता यादीत आलेल्या मुलाचा फलक गावाच्या वेशीवर लागतो, आनंदच आहे. पण त्या पाच-सहा मुलांसाठी सकाळ-संध्याकाळ जादा तास आणि उरलेल्या वर्गाला ‘पान काढून लिहा’, असं होत असेल तर शाळा सुधारतेय असं मी मानत नाही. आधी सगळ्यात खालच्या पातळीच्या चौकटीतलं मूल हलवा. शिष्यवृत्तीचे तास त्यानंतर घ्या, जरूर घ्या.

रोजचा दीड तास, इयत्ता विसरून

ध्येय ठरलं की वेळापत्रकात त्याची जागा पक्की करायची. परिपाठ झाल्याबरोबर रोज दीड तास: एक तास वाचन-लेखन, अर्धा तास संख्या. या वेळात दुसरी ते पाचवीची मुलं इयत्तेप्रमाणे बसत नाहीत, तक्त्यातल्या पातळीप्रमाणे बसतात. अक्षर-शब्दवाल्यांचा गट सगळ्यात अनुभवी शिक्षकाकडे द्या. सवयीनं तो नवख्याकडे जातो, आणि तिथंच घोटाळा होतो.

अक्षरगटात काना-मात्रा-वेलांटी-उकाराची चौदाखडी फळ्यावर रोज फिरवून वाचायची, मुलांनी स्वतःच्या, घरातल्या, गावातल्या नावांपासून शब्द बनवायचे. शब्दगटाला छोटे परिच्छेद: शिक्षकानं वाचायचं, मग सगळ्यांनी, मग जोडीनं, मग एकट्यानं. घरची बोली बोलू द्या. ‘म्या ग्येलतो’ म्हणणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी ‘मी गेलो होतो’ करून थांबवलं तर ते पुढचं सांगतच नाही. आधी सांगू दे, फळ्यावर दोन्ही लिहा, फरक तेच शोधतं. परिच्छेद-गोष्टवाल्यांना पुस्तकपेटी आणि लेखन. हा गट थोडा वेळ स्वतःचा स्वतः चालतो, त्यामुळे द्विशिक्षकी शाळेतही हे जमतं. मी 19 पटाच्या शाळेत चाललेलं पाहिलंय.

पहिलीला यात ओढू नका. तिचा वेग तिचा. तिच्यासाठी जूनमधल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मेळाव्यातून झालेले मातागट, म्हणजे मुलांच्या आयांचे गट, जिवंत ठेवा.

दर सहा आठवड्यांनी पुन्हा तीच चाचणी, नवा परिच्छेद, आणि गट बदलायचे. गट बदललाच नाही तर तो गट उरत नाही, शिक्का होतो. ही एक काळजी मी सगळ्यात जास्त घ्यायला सांगतो.

समिती सहीपुरती नको

समितीत 75 टक्के पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांमधला, मुख्याध्यापक सचिव, ही रचना कायद्यानंच ठरवून दिलीय, आणि कलम 22 नुसार शाळा विकास आराखडा करणं हे समितीचं काम आहे. तीन वर्षांचा आराखडा, त्यात तीन वार्षिक तुकडे, आणि आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी तयार. म्हणजे डिसेंबर उजाडला की मसुदा हातात हवा.

प्रत्यक्षात वही घरोघर फिरून सह्या येतात. हे मोडायचं असेल तर बैठकीची वेळ बदला. भांगलणीच्या दिवसांत दुपारी तीनला कुठली आई येणार? संध्याकाळी सातला, वाडीतल्या मंदिरात घ्या. आणि बैठकीत तक्ता ठेवा. मुलांची नावं झाकून, फक्त किती मुलं कुठल्या चौकटीत ते. मी पाहिलंय, तो कागद बघितल्यावर गटारीचा आणि कमानीचा विषय आपोआप मागं पडतो. ठराव पूर्ण लिहा: ‘सकाळचा दीड तास पातळीनिहाय वाचन-गणितासाठी राखीव राहील, त्या वेळेत शाळेत कोणताही कार्यक्रम होणार नाही.’ असा ठराव इतिवृत्तात असला की नवीन येणाऱ्या शिक्षकाला तो शाळेचा नियम म्हणून मिळतो.

पैसा कुठून, आणि आधी कशावर

समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: 30 पर्यंत पट असेल तर मानकानुसार 10,000 रुपये, 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000. त्यातला किमान दहावा भाग स्वच्छतेवर. रक्कम मोठी नाही आणि हातात उशिरा येते, म्हणून आराखडा तिच्यावर टांगू नका.

ग्रामपंचायतीकडे जा. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. 15 व्या आयोगाच्या काळात तो 60 टक्के होता. शाळेचा नळ, टाकी, मुलींचं स्वच्छतागृह त्यात नेमकं बसतं. पण ग्रामपंचायत विकास आराखड्यात नाव नसेल तर सरपंचांची इच्छा असूनही खर्च टाकता येत नाही. 2 ऑक्टोबरच्या सुमारास पुढच्या वर्षाच्या आराखड्याची प्रक्रिया सुरू होते, त्या ग्रामसभेला समितीच्या बायकांना घेऊन जा आणि विषय इतिवृत्तात नोंदवल्याची खात्री करून उठा.

लोकवर्गणीबद्दल आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, ती लोकांच्या आधारावरच वाढली. आज पाटण-जावळीच्या प्रत्येक गावाचं मुंबईकर मंडळ आहे, माथाडीत राबलेली माणसं आहेत, आणि चैत्रातल्या यात्रेला ती सगळी गावात असतात. तेव्हा भेटा. फक्त ‘शाळेला काहीतरी द्या’ म्हणू नका, त्यातून दरवेळी कमान आणि घड्याळच येतं. वस्तूंची यादी आणि किंमत हातात द्या: 60 गोष्टीची पुस्तकं, दोन सतरंज्या, एक हजार लिटरची टाकी. दिलेल्या पैशाची पावती त्याच दिवशी आणि हिशेब पुढच्या यात्रेत फलकावर.

क्रम माझ्या मते असा: मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी, गळकं छप्पर, पुस्तकं, मग उरलं तर टीव्ही संच.

वरच्या कार्यालयात

खोल्यांची मोठी दुरुस्ती, निर्लेखन (पडकी खोली पाडण्याची मंजुरी), रिक्त पद या गोष्टी गावात सुटत नाहीत. धोकादायक खोलीत एक दिवसही वर्ग भरवू नका. कोयनेचा 1967 चा भूकंप विसरलेला हा जिल्हा नाही. गटशिक्षणाधिकाऱ्यांना समितीच्या ठरावासह पत्र द्या, फोटो जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय पत्र दिलं असं समजू नका. दर महिन्याला त्याच जावक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र. आवाज चढवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

30 सप्टेंबरच्या पटावर संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक ते ठरणं, होते, म्हणजे शिक्षकाचं पद त्या दिवसावर अवलंबून. आधार आणि ऑनलाइन नोंदींची दुरुस्ती ऑगस्टमध्येच संपवा. अध्यापनाबाबत मदत हवी असेल तर केंद्राच्या शिक्षण परिषदेत आपला तक्ता घेऊन उभे राहा. फलटणची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली डाएट, याच कामासाठी आहे. नेमका प्रश्न घेऊन गेलात तर तिथली माणसं शाळेपर्यंत येतात.

वर्षाचं चक्र आणि एक पिशवी

जुलैत पहिली चाचणी, सप्टेंबरात दुसरी, दिवाळीची सुट्टी संपली की तिसरी, आणि पुढेही दर सहा आठवड्यांनी. सुट्टीत मुलं मागं सरकतात, ते गृहीत धरा आणि घाबरू नका. 3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्यांचं नायगाव आपल्याच खंडाळा तालुक्यातलं. त्या दिवशी भाषणं थोडकी ठेवून आयांसमोर मुलांना वाचू द्या, अगदी शब्दगटातल्यांनाही, त्यांना येतील ते शब्द. मार्चमध्ये शेवटची चाचणी आणि ध्येयाशी ताळा. 45 म्हटलं होतं आणि 37 झाले तर 37 च लिहा. पुढच्या वर्षीचा आराखडा त्या खऱ्या आकड्यावर उभा राहणार आहे.

पहिल्या वर्षी पट वाढणार नाही. दुसऱ्या वर्षी एखादं-दुसरं मूल पिवळ्या गाडीतून परत येतं, ते बहुधा धाकटं भावंड असतं. घाई करू नका.

आणि बदली. ती होणारच. म्हणून पहिल्या दिवसापासून एक कापडी पिशवी करा आणि तिच्यावर शाळेचं नाव घाला. तिच्यात चारच गोष्टी: सगळ्या चाचण्यांचे तक्ते आणि परिच्छेदांचे कागद, सकाळच्या दीड तासाचं वेळापत्रक गटांच्या यादीसह, समितीच्या ठरावांच्या प्रती, आणि अडकलेल्या कामांची यादी जावक क्रमांकासकट. या पिशवीतले कागद फोनमध्येही असू द्या, पण पिशवी हवीच. कार्यभार देताना डेडस्टॉक (शाळेच्या वस्तूंची नोंदवही) आणि चाव्यांबरोबर ती यादीत लिहून द्या आणि समितीच्या अध्यक्षांना साक्षीदार म्हणून सही करायला लावा. जमलं तर नव्या गुरुजींबरोबर किंवा बाईंबरोबर एक सकाळ थांबा, दीड तास त्यांना मागं बसवून दाखवा, आणि शब्दगटातल्या प्रत्येक मुलाची नावानं ओळख करून द्या.